मूठभर जुना कापूस

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीचं दार उघडलं आणि मावशींच्या काळजात चर्र झालं. आतून चिरका, सुईसारखा टोचणारा आवाज येत होता. इथल्या एकवीस वर्षांच्या नोकरीत हा आवाज त्यांनी तीन-चारदाच ऐकला होता. पोटचं लेकरू रडलं असतं तरी त्या इतक्या धावल्या नसत्या.

वरच्या फळीवरच्या पहिल्याच पिंजऱ्यात दोन उंदीर मरून पडले होते. एकाच्या पाठीची सालटी निघाली होती, दुसऱ्याची शेपूट बुडापर्यंत कुरतडलेली. जिवंत असलेले तिघे अजूनही एकमेकांवर तुटून पडत होते. पांढरा भुसा लालभडक झाला होता. दुसरा पिंजरा तसाच, तिसराही. वरच्या सहाही पिंजऱ्यांत रक्त. खालच्या सहांत मात्र उंदीर एकमेकांच्या अंगावर गाढ झोपलेले.

“देवा!” मावशी तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. घरी नवरा त्यांना ‘उंदरांची सासूबाई’ म्हणून चिडवायचा. आज सासूबाईंच्या घरात मुडदे पडले होते.

मागून डॉक्टरीणबाई आल्या. लहान मुलांच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिन्या सुजतात, त्या दुखण्यावर त्या औषध शोधत होत्या. उंदरांना टोचून तशीच सूज आणायची, मग निम्म्यांना औषध द्यायचं. चार महिने हेच चाललं होतं. औषधाचे पिंजरे वरचे.

त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली, आणि मटकन स्टुलावर बसल्या.

“फक्त औषधवालेच पिसाळलेत, मावशी. औषध डोक्यात जातंय त्यांच्या. असलं विष मी मुलांना द्यायला निघाले होते! आजच साहेबांना सांगते, बंद करा म्हणून.”

मावशींना शनिवार आठवला. खालचे पिंजरे बदलून झाले होते. मळका भुसा फेकायचा, पण घरट्यातला मूठभर जुना कापूस नव्या पिंजऱ्यात ठेवायचा, हे त्या झोपेतही विसरल्या नसत्या. त्या वासावर नर एकमेकांना ओळखतात. वास गेला की भाऊसुद्धा वैरी. तेवढ्यात मुलाचा फोन आला, सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. वरचे सहा पिंजरे त्यांनी धडाधड रिकामे केले, कापसासकट. रविवारच्या माणसाने पाण्याच्या बाटल्या बघितल्या आणि दार ओढून घेतलं.

आता नुसतं गप्प राहायचं होतं. आळ औषधावर येत होता, नोकरी वाचत होती. मावशी डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“बाई, औषधाने काही केलं नाही,” त्या म्हणाल्या. “हे मी केलंय. वरच्यांचा कापूस मी फेकून दिला.”

डॉक्टरीणबाई स्टुलावरून उठल्या. “तुम्ही? मला हात धरून हे शिकवलंत, ते तुम्ही?”

“घाईत होते. सून अडली होती.”

“चार महिने, मावशी! या जखमांचीच सूज आता रक्तात उतरणार, औषधाचा गुण कळणारच नाही. यातला एकही कामाचा नाही!” त्यांनी हातातली नोंदींची पाटी भिंतीवर भिरकावली. तिचे दोन तुकडे झाले.

“आपटा हवं तेवढं. पण औषधाला विष म्हणू नका.”

वरच्या तीस उंदरांपैकी सात मेले होते. उरलेले तेवीस जखमांनी तडफडत होते, त्यांना मारून सोडवणंच भाग होतं. पहिला उंदीर उचलून डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवलं. मावशींनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, मानेवर काडी दाबली, शेपटीला एकच हिसका दिला. बारीक कट् झालं. मग दुसरा. एक जण अंगठ्याला कडाडून चावला. रक्ताची धार मनगटापर्यंत आली, तरी पकड सुटली नाही. प्रत्येक वेळी ओठ हलत होते. तेविसावा झाल्यावरच त्यांनी अंगठा नळाखाली धरला.

डॉक्टरीणबाईंनी वही पुढे सरकवली. मावशींनी शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत लिहिलं: ‘जुना कापूस ठेवला नाही. चूक माझी.’ खाली सही केली.

“नव्याने सुरू करीन,” डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या. “चौकशी होईपर्यंत तुम्ही या खोलीत यायचं नाही. चावी ठेवा.”

मावशींनी चावी ठेवली. दारात त्या थांबल्या.

“खालच्यांचे पिंजरे शनिवारी बदलायचेत. जो कोणी येईल, त्याला कापसाचं आधी सांगा. भुशाचं मग.”