ऑर्बिटलची मान

गेल्या वर्षी लालबागच्या गणपतींच्या कारखान्यातल्यांनी माझ्या बाबांना सांगितलं, "आता आराम करा." उभा जन्म तिथे गेला त्यांचा. पण हात थरथरायला लागला, आणि थरथरत्या हाताला मूर्ती कोण देणार? तेव्हापासून ते खिडकीशी बसून असत. विचारलं तर "बरो आसय," एवढंच. मला त्यांची फार काळजी वाटायची.

मी परळला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. अकरावीला ऑर्बिटलचे, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन जिथे सापडतो त्या जागांचे, आकार शिकवायचे होते. मुलं मोबाइलवर फिरती चित्रं बघतात, तरी आकार डोक्यात शिरत नाही. म्हटलं, बाबांनाच कामाला लावू. वर्गातल्या एकाकडून शाडू मागवला.

एस ऑर्बिटल म्हणजे नुसता गोळा, तो त्यांनी बोलता बोलता केला. पी डंबेलसारखा असतो, इलेक्ट्रॉन बहुतेक त्या दोन फुगीर भागांत सापडतो, असं सांगून मी कॉलेजला गेले. येऊन बघते तर डंबेलची मान माझ्या मनगटाएवढी! मूर्तिकारच तो. जिथे मोडायची भीती तिथे माती जास्त.

"बाबा, हे साफ चूक. मधे इलेक्ट्रॉन सापडतच नाही."

"मधी कायच नाय, मगे दोनय गोळे रवतले कशे?"

"राहतात. पुस्तकात आहे."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांनी सगळं मोडून बादलीत टाकलं आणि खिडकीशी जाऊन बसले. मला स्वतःचीच चीड आली.

रविवारी सकाळी मीच माती घेऊन बसले. दोन अणूंमधला बंध दाखवायला दोन लांबट गोळे टोकाला टोक लावून चिकटवले. लगेच सुटले.

"नुसता टेकवन जोड बसणा नाय," बाबा तिथूनच म्हणाले. "एकमेकात शिराक व्हयां."

"केमिस्ट्रीतही तेच. जितकं शिरेल तितका बंध पक्का."

तेव्हा ते उठले. टोकं ओरबाडली, पातळ शाडू लावला, एकात एक दाबली. तो सिग्मा बंध. मग मी सांगितलं तसे दोन पी शेजारी शेजारी उभे केले, त्यांच्या मानेत माती नाही, फक्त बारीक तार. "ही हिशोबात धरू नको," म्हणाले. वर आणि खाली कुशीला कूस जोडून त्यांनी बोटाने चाचपलं. "ह्यो आधी सुटतलो." हा पाय (π) बंध. तो सिग्मापेक्षा कमजोर, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. त्यांना ते बोटांनी कळलं, आणि मला खरं सांगायचं तर थोडा हेवा वाटला.

सोमवारी ते सगळं वर्गात दाखवून घरी आले तेव्हा ते दारातच होते.

"पोरां काय म्हणत होती?"

"आता डी पाहिजे म्हणतात. चार पाकळ्या असतात त्याला."

त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. "ह्यो शाडू पुरचो नाय."

शाडू मिळतो कारखान्यात. वर्षभर त्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. मी "मी आणते" म्हणेपर्यंत ते चपला घालून जिना उतरत होते.