बंद ठेवलेल्या दोन खोल्या

राजधानी मुंबईला गेली म्हणजे नागपूर ओस पडेल, असे पुष्कळांना वाटले होते. तसे झाले नाही. आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसे येतच राहिली आणि एकेका खोलीत एकेक संसार राहू लागला. मीही गांधीबागेमागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरमालक कापडाचे दलाल. मागच्या भागात सहकुटुंब राहत.

वडील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मौद्याकडच्या आमच्या गावाहून आले. दुसऱ्याच सकाळी घरमालकांनी मला नळावर गाठले.

"काय गा बाबू, अजून किती लोकं आणून राहिला? दोन खोल्या देल्ल्या तुले, धर्मशाळा नाही उघडली. म्हातारा रातभर खोकलून राहिला."

वडील दारातच बसले होते. दुपारी त्यांनी पिशवी भरली. "मले गावातच बरं वाटते," एवढेच म्हणाले. ते पुन्हा आले नाहीत; शस्त्रक्रिया राहूनच गेली. पुढे मला मुलगा झाला, तेव्हा त्यांनी त्याचा चेहरा बोटांनी चाचपून पाहिला.

काही वर्षांनी शहराबाहेर नव्याने प्लॉट पाडलेल्या ले-आउटमध्ये पत्नीच्या नावाने घर बांधले. सामान हलवले. खोल्या सोडल्या नाहीत. आत एक खाट ठेवली, दाराला कुलूप घातले आणि भाडे मनिऑर्डरने वेळेवर पाठवत राहिलो. घरमालकांनी दावा लावला. तारखा पडत गेल्या. दरम्यान त्यांच्या थोरल्या दोन मुलांची लग्ने झाली, नातवंडे झाली. ओसरीवरही अंथरुणे पडू लागली. मग धाकट्याचे लग्न ठरले आणि ते माझ्याकडे आले.

"भाऊ, खोल्या नुसत्या बंद पडून आहेत. नव्या सुनेले मी ठेवू कुठं?"

"तुमच्या घरात."

"घरात पाय ठेवाले जागा नाही जी."

"मग लग्न पुढे ढकला."

चहा न घेताच ते उठले. पत्नी म्हणाली, "काहून अडून बसले जी? त्या पोरीनं काय बिघडवलं तुमचं?"

"काही नाही," मी म्हणालो.

लग्न झाले. नवदांपत्याला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडदा लावून दिल्याचे कळले. जावाजावांत भांडणे लागली. वर्षभरातच धाकटा बायकोला घेऊन वेगळा निघाला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहू लागला. त्याच्या मागोमाग मधलाही गेला. बापाशी दोघांचे बोलणे राहिले नाही.

त्यानंतर मी दावा लढवणे सोडले आणि खोल्या रिकाम्या करून दिल्या. कोर्टाचा हुकूम नसताना ताबा दिला म्हणून मोहल्ल्यात माझे कौतुक झाले. मी ते ऐकून घेतले.

घरमालक त्या खोल्यांत उभे होते. आता बरेच थकले होते.

"आता कोणासाठी घेऊ ह्या?" त्यांनी विचारले.

"भाड्याने द्या," मी म्हणालो, आणि खाट उचलायला हमालाला आत बोलावले.