एकोणीस पुरचुंड्या

सन १९३४, ऑक्टोबरची अकरा तारीख. नागपूरच्या एका प्राध्यापकांची पंधरा रुपयांची मनीऑर्डर आली तेव्हा घरात मी, माझी बायको आणि खाटेवर पडलेला माझा धाकटा भाऊ, असे तिघे होतो. पैसे शंखांचे होते, आगाऊ.

भाऊ अनसिंगला मास्तर होता. सात पावसाळे त्याने तिथपासून किन्हीराजापर्यंत एकोणीस गावांत गोगलगायींचे रिकामे शंख वेचले, दर गावाची वेगळी पुरचुंडी. सगळे एकाच कुळातले. नदीकाठचा शंख उंच, डोंगराकडचा चपटा; पुस्तकात त्या दोन जाती. भावाचे म्हणणे असे की, मधल्या गावांत शंख गावागणिक थोडा थोडा बसका होत जातो, म्हणजे जात एकच, ती बदलत गेली. प्राध्यापकांना हेच पडताळायचे होते. छातीच्या दुखण्याने भावाला उठवत नव्हते, म्हणून बांधाबांध मी पत्करली.

मी जिनात, सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापसाची प्रत लावणारा माणूस. माल कोणत्याही गावचा असो, प्रतीप्रमाणे ढीग लावायचा, ही वीस वर्षांची सवय. दुपारी तो झोपला असताना मी सगळ्या पुरचुंड्या सोडल्या, शंख धुतले आणि मोठे, मधले, लहान असे तीन ढीग केले. एकूण सहाशे बेचाळीस. दोनदा मोजले.

तो जागा झाला. त्याची नजर ढिगांवर गेली.

"दादा, आतल्या चिठ्ठ्या कुठी हायेत?"

"गड्डी बांधून ठेवली. एकोणीसच्या एकोणीस."

"आन् कोणता शंख कोणत्या गावचा?"

मी चिठ्ठ्यांची गड्डी पुढे केली. बायको सावरायला म्हणाली, "गोगलगायीले कायचं गाव, भाऊजी? घर पाठीवर घेऊन हिंडते ते."

तो हसला, मग खोकला. "साऱ्या जन्मात शेताचे दोन धुरे वलांडत नाही ते, वहिनी."

दोन दिवस तो एकेक शंख हातात धरून बघत होता. नदीकाठचे आणि डोंगराकडचे मिळून एकशे सहा ओळखू आले. मधल्या गावांचा एकही खात्रीने सांगता येईना, आणि सारा पुरावा मधल्यांतच होता.

"अंदाजानं लिहू का?" मी विचारले.

"तू जिनात अंदाजानं लिहितं का?"

येत्या पावसात पुन्हा वेचू, असे ठरले. चैत्रात तो गेला.

पाऊस लागल्यावर मी एकटा किन्हीराजाच्या बांधांवरून फिरलो. गोगलगायी पुष्कळ होत्या. त्यांतली त्याच्या कुळातली कोणती, हे मला ओळखता आले नाही.

पंधरा रुपये प्राध्यापकांना परत पाठवले. मनीऑर्डरचे चार आणे डाकघराला.