बस येईपर्यंतची संथा

पारिजातकाच्या गंधात डिझेलचा वास मिसळला, की मला थेरगावातील एक शेजारीण आठवते. पहाटे मी देवळापाशी फुले वेचीत असे, तेव्हा चाकणच्या कारखान्यात जाणारी ती तिथेच कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असे. एके दिवशी तिने पिशवीतून मुलीचे इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक काढले. "आजोबा, पुल्लिंगाचं स्त्रीलिंग कसं करतात, तेवढं शिकवा. पोरगी म्हणते, 'आई, तुला काय येतंय? राहू दे.' आता मला पुस्तकच दाखवत नाही. हे गुपचूप आणलंय." "अगं, मी संस्कृतचा माणूस!" "मग इंग्रजी तर किरकोळच की तुम्हाला!" मला हसू आले. गुरुजींनी मला दिली होती तशीच मी तिला संथा दिली: मी एकदा म्हणावे, तिने दोनदा. लायनचे लायनेस, हॉर्सचे मेअर. हॉर्न वाजेपर्यंत आमचे पठण चाले आणि बसमधल्या बायका खिडकीतून "झालं का गं पाठ?" म्हणून तिला चिडवीत. पुढे एका रविवारी ती मुलीला घेऊन पायरीवर बसली. मी पुस्तक उघडून मुलीला विचारले, "हॉर्स?" मुलगी अडखळली. "मेअर, मेअर," आई सवयीने दोनदा म्हणाली. मुलगी तिच्याकडे पाहतच राहिली. मग तिने माझ्या हातातले पुस्तक घेऊन आईच्या मांडीवर ठेवले. "आई, आता तू विचार." आजही फुले वेचताना कंपनीची बस आली, की नामस्मरणाच्या ओघात ओठांवर येते: मेअर, मेअर. देवाला ते चालत असावे.