‘पावन्याला वर नको नेव’

आधीच सांगून टाकतो — या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलोय. पांढरी साडी, उलटे पाय, लिंबू ओलांडलं आणि ताप आला... अरे, ताप व्हायरलचा असतो! बदलापूरला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी असलं काही टाकलं की खाली पहिला हसरा चेहरा माझाच. त्यामुळे आज इथे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहितो.

मी ॲपचे स्क्रीन डिझाइन करतो. ऑफिस उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आमचं ॲप मीटिंग ऐकतं आणि AI वापरून नोट्स काढतं — कोण काय बोललं, पुढे कुणी काय करायचं. जुना इंटरफेस मालकाच्या मेव्हण्याने केला होता आणि तो बघून डोळे धुवावेसे वाटायचे. मी सगळा उपसून फेकला. आधी नावं भरायची, प्रत्येक नावाला एक रंगीत गोल, त्यात पहिलं अक्षर. खाली ‘पुढची कामं’. संपलं. नाव नसलेल्याला जागाच ठेवली नव्हती.

आणखी एक सांगायला हवं. आमचं ॲप बोली लिहीत नसे. माणूस ‘पानी नाय’ म्हणाला तरी ते लिहायचं ‘पाणी नाही’. शाळामास्तरसारखं. लोक तक्रार करायचे, मालक म्हणायचा, “अरे, क्लीन दिखता है ना!”

नवं डिझाइन खऱ्या माणसांवर तपासायला मी अंबरनाथला, आनंदनगरच्या एका कारखान्यात गेलो. दुपारचे पावणेतीन. प्लँटच्या कडेला काचेची छोटी केबिन, आत आम्ही तिघंच. सेफ्टी ऑफिसर सोनवणे मॅडम, मी आणि भोईर — मोरिवली गावचे, रिटायरमेंटला आलेले ऑपरेटर. शिफ्ट संपताना ते मॅडमना दिवसाचा आढावा देतात, तोच ॲपला ऐकवायचा होता. भोईर फोन हातभर लांब धरून, दारावरची बेल दाबावी तसं एका बोटाने बटण दाबत होते. मी मनात म्हटलं, या माणसासाठी का मी चार महिने घासतोय?

आढावा झाला. मी म्हटलं, “आता वर प्लॅटफॉर्मवर जाऊ. ग्लोव्ह्ज घालून फोन वापरताना यांचा फोटो हवाय, प्रेझेंटेशनला.” प्लॅटफॉर्म म्हणजे टाकीभोवतीची लोखंडी जाळी, दोन मजले उंच. मॅडम म्हणाल्या, “हेल्मेट घाला आणि या जाऊन.”

निघता निघता मी रेकॉर्डिंग थांबवलं. नोट्स आल्या. गोल चार होते.

तीन आमचे. चौथा राखाडी, आत अक्षर नाही. मी त्या डिझाइनमध्ये राखाडी रंग कुठेच वापरला नव्हता. त्याच्यापुढे एकच ओळ होती — ‘पावन्याला वर नको नेव. जाली कुजलीय.’ आणि खाली ‘पुढची कामं’मध्ये, भोईरांच्या नावावर: पाहुण्याला वर नेऊ नये.

मला हसू आलं. AI शांततेतही काहीबाही लिहितं, कुणी बोललेलं नसताना ‘धन्यवाद’ टाकतं, हे या धंद्यात पोरंसोरंही जाणतात. मी म्हटलं, “बग आहे. चला.”

भोईरांनी फोन घेतला. ओठ हलवत ओळ वाचली, परत वाचली. मग जिन्याशी जाऊन आडवे उभे राहिले.

“नाय जायाचा.”

“अहो काका, मशीनने मनाने लिहिलंय ते.”

“ही आमच्या गावची बोली हाय. मी तर बोललो नाय. मंग कोन बोललं?”

“कुणीच नाही! खोटं आहे ते!”

त्यांनी माझ्याकडे अगदी सरळ पाहिलं. “तुम्हीच बनवलंय ना? मगाशी सांगत होतात, यावर भरोसा ठेवा. आता तुम्हीच म्हनता खोटं?”

खरं सांगतो, मला त्यांची किळस आली. वाटलं, असल्या लोकांमुळेच देश मागे आहे. मी त्यांना बाजूला सारून पहिल्या पायरीवर पाय ठेवलादेखील. तेवढ्यात मॅडम ओरडल्या, “थांबा! बघायला काय जातंय?”

भोईरांनी एक लांब पाइप आणला आणि जिन्यावर अर्ध्यात उभं राहून जाळीला खालून ढोसलं. वरून नवा पिवळा रंग दिलेली ती जाळी, जिथे माणूस फोटोला उभा राहील नेमकी तिथली, वाळक्या पापडासारखी तुटली आणि धाडकन खाली पंपावर आदळली. मी जिन्यापासून मागे सरलो.

आता तुम्ही वाट बघत असाल की तिथे पूर्वी कुणी मेलं होतं. नाही. मी विचारलं. त्या प्लँटवर कधी कुणी मेलं नव्हतं, साधं पडलंही नव्हतं. भोईरही काही भूतबीत म्हणाले नाहीत. “बोललं कोन ते राहू द्या,” एवढंच.

रेकॉर्डिंग मी किती वेळा ऐकलं असेल! त्या जागी फक्त पंख्याची घरघर. तीच फाइल नव्याने ॲपला दिली, तर तीनच गोल. ऑफिसमधली सहकारी रेश्मा म्हणाली, “एमआयडीसीत कुठली जाळी गंजलेली नसते रे? योगायोग.” आणि हसली. अगदी माझ्यासारखीच, नाकातून. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण मी तिच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. आणि गंजलेली जाळी हा योगायोग धरला, तरी ‘जाली’ कुठून आली? आमचं ॲप ‘जाळी’च लिहिणार. तेवढंच तर त्याला येतं.

त्या दिवशी निघण्याआधी मॅडमनी टळलेल्या अपघाताचा फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता: धोका कसा लक्षात आला? त्यांनी पेन रकान्यावर टेकवलं, परत उचललं. भोईर छताकडे बघत होते. शेवटी मॅडमनी लिहिलं — ‘नियमित तपासणीत आढळले.’ भोईरांनी सही केली. मग कागद माझ्याकडे सरकवून त्या हळूच म्हणाल्या, “तुम्हाला दुसरं काही सुचतंय का?”

सुचलं नाही. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. दुसरं काही आजही सुचलेलं नाही.