भिंतीवरचं वेळापत्रक

नातीचं चौथीचं वेळापत्रक आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. मंगळवारी आणि शनिवारी परिसर अभ्यास. एका शनिवारी दप्तर भरताना तिने नेमकं तेच पुस्तक बाहेर ठेवलं. मी टोकलं.

"अगं आज्जी, तो तास नुसता लिहिलेला असतो. टीचर गणितच घेतात. कुणी साहेब येणार असले तरच ते पुस्तक न्यायचं."

मला हसू आलं. ही युक्ती माझीच की! चाळीसेक वर्षांपूर्वी इगतपुरीकडच्या एका गावात मी नवीकोरी बाई होते. दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालायला लागलेली, आणि जगातली सगळी अक्कल त्या अंबाड्यात बांधून फिरणारी. गणित येणारं पोर कुठेही तरतं, असं माझं ठाम मत. भूगोल काय, एसटीचा कंडक्टरही शिकवेल. म्हणून भिंतीवर एक वेळापत्रक, वर्गात दुसरं. खिडकीजवळच्या मुलीला कामच दिलेलं: वळणावर तपासणीच्या साहेबांची जीप दिसली की "बाई, भूगोल!" म्हणायचं. लगेच गणिताच्या वह्या आत, पुस्तकं बाहेर.

एकदा जीप आली, पुस्तकं उघडली, आणि साहेबांनी नेमकं त्या खिडकीवालीलाच उभं केलं. "सांग बरं, धरण कशासाठी बांधतात?"

"आमचं घर बुडवाया, साहेब."

साहेब हसले, वर्ग हसला. मी नाही हसले. माझी इज्जत गेली होती ना! जीप वळणाआड गेली तशी मी तिच्याकडून दहा वेळा लिहून घेतलं, 'धरणाच्या पाण्याचा उपयोग शेतीसाठी व पिण्यासाठी होतो.' तिने सुबक अक्षरात लिहिलं. मी खाली लाल पेनाने 'छान' असा शेरासुद्धा दिला. काय तो दिमाख! पुढच्या वर्षी ती हजेरीवर नव्हती.

हे सगळं डोक्यात घेऊन मी नातीच्या पालकसभेला गेले. आता दोन जिने चढले की मला बोलायलाही दम उरत नाही. तरी म्हटलं, "टीचर, पोरांचा परिसर अभ्यासाचा तास त्यांना परत द्या."

"आजी, पालकच म्हणतात, गणिताची परीक्षा जवळ आलीय. बाकीचं काय, मुलं मोबाईलवर बघतात."

"मी बाई होते तेव्हा भूगोल एसटीच्या कंडक्टरवर ढकलायचे, तुम्ही मोबाईलवर ढकलता."

टीचर हसल्या. मागच्या रांगेतले एक पालक घड्याळ बघत म्हणाले, "आजींनाच घेऊ द्या की तो तास!"

झालं. शनिवारची शेवटची तीस मिनिटं माझ्या गळ्यात पडली. सून म्हणाली, "आई, गुडघे धरून बसता आणि नसते उद्योग कशाला?" तिचं खोटं नव्हतं. पण नळ सोडला की पाणी येतं, एवढंच आमच्या पोरीला ठाऊक. ते कुणाच्या अंगणावरून येतं हे याच वयात सांगायला हवं. नंतर सांगून उपयोग नाही. तोवर त्या साहेबांसारखं हसायची सवय लागते.

शनिवारी खुर्चीत बसूनच विचारलं, "धरण कशासाठी बांधतात?"

"शेतीसाठी व पिण्यासाठी!" सगळा वर्ग एका सुरात. शब्दसुद्धा तेच.

"अजून?"

नात पहिल्या बाकावरून कुजबुजली, "आज्जी, बरोबर आहे ते. पुढचं विचार ना."

पुढचं काही विचारलं नाही. खिडकीजवळच्या मुलीची गोष्ट सांगितली. माझा लाल शेराही लपवला नाही. 'घर बुडवाया'ला दोघंतिघं हसली. तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "मग ती राहायला कुठे गेली?"

मला माहीत नव्हतं. तिला विचारायचं राहूनच गेलं. तेव्हा आमचा गणिताचा तास चालू होता.