पेडल गप हाय

माझे वडील खानापूरला वनखात्याची जीप चालवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. लोंढा गावाच्या पलीकडे लाल चिखलात एखादी गाडी रुतली, की इतर ड्रायव्हर अण्णांना शोधत घरी येत. गाडीतला बिघाड हुडकायची त्यांची एक रीत होती. उजव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सारायची आणि अनवाणी तळवा ब्रेकवर ठेवायचा. मला शिकवताना म्हणाले होते, "कान फसिवतोय, डोळा फसिवतोय. तळपाय न्हाय फसवत गं."

आई गेल्यावर ते बेळगावला माझ्याकडे राहायला आले. मी निपाणीच्या एका कॉलेजात शिकवते. आमचं शेत खानापूरपासून आत जंगलाकडे, पावसाळ्यात साधी गाडी पोचत नाही, म्हणून त्यांच्या हट्टापायी मी एक जुनी, मोठी, चारही चाकांना जोर असणारी गाडी घेतली. आठवडाभर ती माझ्याकडे, रविवारी त्यांच्याकडे. रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसत, जणू ड्यूटीवरच निघालेत.

मग निपाणीच्या वाटेवर तवंदीच्या घाटात ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरायला लागलं. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या मेस्त्रीनं पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक डिस्क लेथवर घासून सपाट करून दिल्या. दोन महिने बरे गेले, पुन्हा थरथर. मग नव्या डिस्क, नवे ब्रेक पॅड. पावसाळा संपेपर्यंत परत तेच. पेडल माझ्या तळव्याला खालून धडका मारायचं. उतारावर पुढं ट्रक असला की मी आधीच गिअर खाली टाकायचे.

शेवटी मी अण्णांना विचारलं, "तुम्हाला रविवारी जाणवत नाही का?"

"स्टेअरिंग जरा हलतंय, व्हय," ते म्हणाले. "चल बघू."

खानापूर रस्त्यावर त्यांनी चप्पल काढली, गाडी पळवली आणि ब्रेक दाबला. स्टेअरिंग त्यांच्या हातात थडथडलं. त्यांनी मान हलवली. "पेडल गप हाय. पेडल गप असलं की डिस्क न्हाय. पुढच्या चाकांचे रबरी बुश गेल्यात."

आदल्याच दिवशी ते पेडल माझ्या पायाखाली उसळलं होतं. पण तीस वर्षं जंगलात गाडी चालवलेल्या पायापुढं माझ्या पायाचं काय? मेस्त्रीनंही त्यांच्या शब्दाखातर बुश बदलले. काही फरक पडला नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही परत मच्छ्याला गेलो. अण्णांनी गॅरेजातच चपला काढल्या आणि लेथच्या बाजूनं चालत जाऊन गाडीत चढले. मेस्त्री त्यांच्या शेजारी, मी मागं. दोनदा ब्रेक लावला, दोनदा ते म्हणाले, "गप हाय."

मेस्त्री म्हणाला, "अण्णा, जरा मी बघू काय?" त्यांनी जागा बदलली. मेस्त्रीनं ब्रेक लावला आणि लगेच गाडी कडेला घेतली. तो खाली वाकून बघत होता.

"अण्णा, पेडल तर पायाला हाणतंय की," तो हळू म्हणाला. मग आणखी हळू, "आणि पेडलवर रक्त हाय."

मी उतरून पुढं गेले, अण्णांचा पाय उचलला. लेथवरच्या लोखंडाचा एक वळलेला किस त्यांच्या तळव्यात आडवा घुसला होता. ते माझ्या हाताकडं असे बघत होते, जणू पाय दुसऱ्याच कुणाचा आहे. मी किस ओढून काढला. त्यांनी साधा हुंकारही दिला नाही.

"दुखत नाही?"

"न्हाय."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली असतील. कापसावर चालल्यागत वाटतंय." मधुमेहाच्या गोळ्या ते नियमानं घेत, त्यामुळं मी निर्धास्त होते. त्यांचे तळवे मी कधी पाहिलेच नव्हते.

"मग ब्रेक किती दाबला ते कसं कळायचं तुम्हाला?"

"गाडी थांबली की कळायचं."

मी रस्त्यातच ओरडले. दर रविवारी तुम्ही एकटे जात होता, वाटेत शाळेची मुलं असतात, सांगितलं का नाही? अण्णांनी माझ्या हातातला किस घेऊन रस्त्याकडेला टाकला. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीस."

मी खरोखरच काढून घेतली असती. मेस्त्री पाठ फिरवून उसाच्या फडाकडं बघत उभा राहिला.

बिघाड त्याच संध्याकाळी सापडला. डिस्क ज्या हबवर बसते, त्याच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा होता. त्यामुळं नवी डिस्कही केसभर तिरकी बसायची आणि फिरून फिरून एका बाजूनं झिजायची. मेस्त्रीनं गंज खरवडला, हब साफ केला, डिस्क बसवून मोजून पाहिली. येताना गाडी मी चालवली. ब्रेक लोण्यासारखा लागला. अण्णा मागं, पायाला फडकं बांधून बसले होते. बिघाड काय होता, हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं. "असं व्हय," एवढंच म्हणाले.

जखम चिघळली. दिवाळीआधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी टाचणी टोचत टोचत घोट्यापर्यंत नेली, आणि प्रत्येक वेळी अण्णा छताकडं बघत "न्हाय" म्हणाले. आता रोज रात्री जेवणानंतर त्यांचे तळवे मी मांडीवर घेऊन बघते. सुरुवातीला ते संकोचानं पाय ओढून घ्यायचे.

त्या उंच गाडीत त्यांना चढता येईना, म्हणून उन्हाळ्यात ती विकली. चंदगडकडचा एक तरुण शेतकरी घेऊन गेला. अण्णा काठी टेकत फाटकापर्यंत आले आणि त्याला समजावू लागले, "चिखलात एकदम रेस करू नगो. आधी लो गिअर, मग सावकाश." तो "व्हय, व्हय" म्हणत फोनवर कुणाला तरी निघालो म्हणून सांगत होता. अण्णांचं बोलणं संपायच्या आत त्यानं काच वर घेतली. गाडी वळणापाशी गेली, तिचे ब्रेकचे लाल दिवे लागले. ते दिसेनासे झाल्यावरही अण्णा फाटक धरून उभे होते. मी खुर्ची आणून ठेवली, पण ते बसले नाहीत.